खांबाचा काही दोष नव्हता

"आधी वहीत लिहा, मग फुंकर घाला," असं काका म्हणायचे. बोट कागदाने कापलेलं असो, नाहीतर दारात चेंगरलेलं.

जर्मनीत आखनजवळच्या आमच्या टेस्ट ट्रॅकवर प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी ही वही टांगलेली असायची. कामावर काही लागलं की त्यात नोंद करायची. नोंद नसेल तर ती इजा कामावरच झाली हे पुढे विम्यासाठी सिद्ध करणं कठीण. शिस्तीचे जर्मनसुद्धा बारीकसारीक खरचटणं सोडून द्यायचे. काका नाही. चहाने जीभ भाजली तेव्हा त्यांनी तीही लिहिली, 'अपघाताचं कारण' या रकान्यात 'चहा'.

काका चिंचवडचे टेस्ट ड्रायव्हर, पन्नाशीचे. दोन वर्षांच्या करारावर आले होते. नव्या गाड्या मुद्दाम बांधलेल्या खड्ड्यांतून दिवसभर आपटत न्यायच्या, हे त्यांचं काम. "आपल्याकडे खड्डे बांधावे लागत नाहीत," एवढंच ते म्हणायचे. मी पंचविशीतला इंजिनिअर, नुकताच पुण्याहून आलेला. मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला साहेब. वयाने मोठी असूनही आपल्यालाच खुर्ची देणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

घरी फोन करायला कॉलिंग कार्ड खरवडायचे ते दिवस. बाहेरच्या रस्त्यावर मी जीव मुठीत धरून, उजवी बाजू पकडून गाडी चालवायचो. पण फाटकाच्या आत, रिकाम्या यार्डात, काकांशी मराठीत गप्पा झाल्या की मन परस्पर पुण्याला जायचं. एके सकाळी यार्डातली जुनी व्हॅन घेऊन मी शेडच्या कोपऱ्यावर बिनधास्त डाव्या बाजूने वळलो. समोरून काका येत होते, उजव्या बाजूने, नियमाप्रमाणे. दोघंही चुकलो असतो तर काही झालं नसतं.

आवाज बराच मोठा झाला. काका उजवा खांदा डाव्या हाताने धरून खाली उतरले. माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "प्रोबेत्साइट किती राहिला?"

प्रोबेत्साइट म्हणजे नोकरीचे पहिले सहा महिने. त्यात कंपनी कारण न देता घरी पाठवू शकते, आणि माझा व्हिसा त्या नोकरीलाच बांधलेला.

"साडेचार महिने," मी म्हणालो.

"मग तुम्ही इथे नव्हतात. व्हॅन जागेवर लावा. मी खांबाला धडकलो."

व्हॅनला आधीच इतके पोचे होते की एक वाढला तरी कुणाला कळलं नाही. सेफ्टीच्या बाई आल्या. कुठला खांब, त्यांनी विचारलं. काकांनी जवळचा एक दाखवला. लागलं का? "गाडीला," काका म्हणाले. "मला नाही." इजा म्हटली की चौकशी आली, मोजमापं आली, मी सापडलो असतो. त्या तारखेला वहीत काही लिहिलं गेलं नाही.

खांबाला मात्र आठवड्याभरात रबराचं आवरण बसलं, पिवळे-काळे पट्टे आले, आणि सेफ्टीच्या मीटिंगमध्ये त्याचा फोटो दाखवण्यात आला.

खांदा बरा झाला नाही. गिअर टाकताना काकांचं तोंड वाकडं व्हायचं. मग ते ऑटोमॅटिक गाड्या मागून घेऊ लागले. मग त्याही जमेनात. बाईंनी वही चाळली. त्यात चहा सापडला, खांदा सापडला नाही. "झोपेत आखडला," काकांनी सांगितलं.

मी काय केलं ते सांगतो. मी माझे सहा महिने पुरे होऊ दिले आणि मग बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्या थांबण्याची लाज मला अजून वाटते. बाईंनी काकांना बोलावलं. काका मोडक्या जर्मनमध्ये शांतपणे म्हणाले, "साहेब हळवे आहेत. माझं दुखणं बघून त्यांना असं वाटतं." बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आल्झो," म्हणजे 'बरं तर मग', त्या म्हणाल्या आणि फाइल मिटली. ज्याला लागलंय तोच नाही म्हणतोय, तर त्या तरी काय लिहिणार?

बाहेर आल्यावर मी काकांना विचारलं, "तुम्ही असं का केलंत?"

"तुम्ही थांबलात ते बरोबर केलंत," काका म्हणाले. "आता कशाला गेलात?"

करार अर्ध्यातच संपला. पुण्यात त्यांना स्टोअरमध्ये बसवणार होते. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ते कसं वाटतं, हे मी विचारलं नाही.

फ्रँकफर्टला मी त्यांना सोडायला गेलो. रांगेच्या तोंडाशी मी त्यांच्या पाया पडलो. "अहो साहेब, हे काय," ते म्हणाले आणि आशीर्वादाला हात पुढे केला. उजवाच. डाव्या हाताने आशीर्वाद देणाऱ्यांतले ते नव्हते. तो हात कमरेपाशी येऊन अडला. मी उठलो असतो तर तो माझ्या डोक्यापर्यंत पोचला नसता. मागचे प्रवासी ट्रॉल्या वळवून बाजूने जात होते. मी तसाच वाकून राहिलो.