विरलेल्या वादळाचे ढग

अकोल्यात माझी नोकरी उपग्रहाची चित्रं वाचण्याची. हवामानाच्या पत्रकात आम्ही ‘शक्यता’ लिहितो आणि सुटतो. तिवश्यात शेती करणाऱ्या माझ्या दादापुढे मात्र अशी सुटका नाही. बंगालच्या उपसागरातलं वादळ किनाऱ्याला लागलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी त्याचा फोन आला. सोंगलेलं, कापून ठेवलेलं सोयाबीन वावरात पसरलेलं, अजून ओलसर. पलीकडच्या तुकड्यात कापूस फुटलेला.

“शक्यता-बिक्यता मले नको सांगू बाई. सोयाबीन झाकू का नको?”

ओलं सोयाबीन गंजी करून झाकलं तर आतून तापतं, बुरशी धरतं. उघडं ठेवलं आणि पाऊस आला तर शेंगेतच कोंब. इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हटलं, “झाक.” मागून वहिनी ओरडली, “तुमच्या दादानं झाकलं का सारं गाव झाकते, मालूम हाय ना?” मला मालूम नव्हतं.

दुपारी तिवश्यात कडक ऊन. इकडे चित्रात वादळाचा पांढरा भोवरा जमिनीवर येऊन विरत चाललेला. हे चित्र उष्णतेचं. त्यात उंचावरचे थंड ढग पांढरेशुभ्र दिसतात, खालचे कोमट ढग जमिनीसारखेच करडे. शेजारच्या टेबलाचे साहेब म्हणाले, “मेलं वादळ. जेवून घ्या.” मी डबा उघडलाच नाही.

तेवढ्यात पुन्हा दादा. “गंजीतून वाफ निघून राह्यली. उघडू काय? लोकं मले इचारून राह्यले.”

मी उजेडातलं साधं चित्र उघडलं. वादळाचा डोळा नव्हता, वरची पांढरी छत्रीही नव्हती. पण खालच्या ढगांच्या ओळी अजून एकाच जागेभोवती वळत होत्या आणि ती जागा आमच्याकडे सरकत होती. की भीतीपोटी मलाच त्या वळताना दिसत होत्या? “नको उघडू,” मी म्हटलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

पुढे काम कसलं होतंय! पूर्वेकडच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची, परत यायची. ये रे बाबा, एकदाचा ये, असं पुटपुटायची.

दिवेलागणीला फोन वाजला. मागे ताडपत्रीवर धो धो आवाज. “आला ना बापा! साऱ्या गावाचं सोयाबीन वाचलं तुह्यामुळं.” मी हसले आणि डोळे भरून आले. दादा मग म्हणाला, “कापूस गेला. येचायलेच आला होता. पण कापसाले कोन झाकन?”

दिवसभर मी पाऊस मागत होते.