रिकाम्या कातीचा फोटो

तुम्ही कधी थेंबभर समुद्रात मान घालून तीन तास बसला आहात? नाही ना? मग त्या संशोधन संस्थेच्या दालनात लावलेल्या फोटोंसमोर उभं राहून ‘वा, काय कॅमेरा असेल!’ असं म्हणू नका. कॅमेरा कपाटात बसून आपोआप काही काढत नाही. त्याच्यामागे कोणाची तरी मान आखडलेली असते.

इथे ती मान काचताईंची आहे.

काचताई म्हणजे समुद्रजीव विभागात काचसामान धुणाऱ्या बाई. एकोणीस वर्षं झाली. नळ्या, बशा, काचपट्ट्या धुवायच्या, उकळायच्या, पुसायच्या, खिडकीतल्या उजेडाला धरून बघायच्या. डाग दिसला की परत पाण्यात. विभागात किती माणसं आली, नावापुढे पदव्या चिकटवून गेली. यांचं खरं नाव एकानंही विचारलं नाही. फोटो काढणारा तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला, तेव्हा विभागप्रमुख साहेबानं इकडेतिकडे पाहिलं आणि काम यांच्या गळ्यात मारलं.

“ताई, तुमचे हात स्थिर आहेत. डोळा लावायचा, फोटो काढायचा. त्यात काय शिकायचंय?”

काय शिकायचंय ते साहेबाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. आठ वर्षांत त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता. चष्म्याला चरा पडतो म्हणे.

काचताई शिकल्या. सकाळी धक्क्यावर जाऊन बारीक कापडाची जाळी पाण्यातून ओढायची आणि बाटलीत येईल ते घेऊन यायचं. नुसत्या डोळ्यांना ते गढूळ पाणी. काचेखाली मात्र भर बाजार! कोणी अंगभर काट्यांचा, कोणी उलट्या घंटेसारखा, कोणी झिंग्याचा गरीब चुलतभाऊ, लांब मिशा आणि एकच लाल डोळा. ही मंडळी थेंबात अशा उड्या मारतात की फोटोत नुसती रेघ येते. विभागातले शहाणे त्यांच्यावर औषध ओतायचे, मारायचे आणि वाकडंतिकडं झालेलं मढं टिपायचे. काचताईंनी बर्फाचा तुकडा आणला. काचपट्टी गार झाली की जीव सुस्तावतो, मरत नाही. वरच्या पातळ काचेनं तो चिरडू नये म्हणून तिच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे टिपके लावले.

आणि मागे काळोख हवा होता. नवरा शिंपी. त्याच्या डब्यातलं कोटाचं काळं बटण उचललं आणि सूक्ष्मदर्शकाच्या खालच्या दिव्याच्या काचेवर मधोमध चिकटवलं. मधला सरळ उजेड अडला, कडेचा तेवढा तिरपा आला, आणि काळ्याभोर पडद्यावर ते जीव आतून दिवा लावल्यासारखे उजळले.

“अगं, गिऱ्हाईक कोट घालून उभंय आणि चौथं बटण गायब!” नवरा ओरडला.

“त्यांना म्हणावं, वाऱ्याला जागा ठेवलीय.”

“वहिनी, कधी माणसांचेही फोटो काढ गं,” नणंदेनं टोमणा मारलाच.

“माणसं फार हलतात,” काचताई म्हणाल्या. “आणि एवढं हलून कुठे जातही नाहीत.”

मग संस्थेनं प्रदर्शन ठरवलं. तेवीस फोटो, तेवीसच्या तेवीस काचताईंचे. नोकरीत पहिल्यांदा त्यांनी साहेबाकडे काही मागितलं.

“खाली माझं नाव टाका, साहेब. बारीक अक्षरात चालेल.”

“बघू.”

काय बघितलं? पाट्या छापून आल्या त्यांवर होतं, ‘छायाचित्रे: विभाग’. विभाग! विभागाला डोळे असतात? विभाग सकाळी धक्क्यावर जाऊन गुडघाभर पाण्यात उभा राहतो?

त्याहून मोठा विनोद दर्शनी भिंतीवर टांगला होता. दाराएवढा फोटो. तोच झिंग्याचा चुलतभाऊ, पण नखशिखांत पारदर्शक. साहेबानं तो संगणकावर पाहिला, भारावला आणि ही नवी प्रजाती म्हणून जाहीर करून मोकळा झाला. वर तिला स्वतःचं आडनावही जोडलं.

काचताईंनी त्याला जिन्यातच गाठलं. “साहेब, ती कात आहे. हा जीव वाढताना अंगावरचं कवच टाकून देतो. मी ओळीनं बेचाळीस फोटो काढलेत. तुम्ही उचललात तो मागे राहिलेल्या कातीचा. आत कोणी नाहीये.”

“ताई,” साहेब हसला, “तुम्ही काचा बघा.”

उद्घाटनाला दुसऱ्या संस्थेतल्या म्हाताऱ्या प्राध्यापकबाई आल्या. काठी टेकत त्या मोठ्या फोटोपाशी थांबल्या आणि त्याला जवळजवळ नाक लावलं.

“याचं आतडं कुठंय?”

“अतिपारदर्शक आहे, मॅडम.”

“आतडं असेल हो पारदर्शक, त्यातलं जेवणही? आणि डोळा? तोही पारदर्शक?” बाईंनी काठी आपटली. “कात आहे ही! फोटो कोणी काढला?”

आता साहेबाची हुशारी बघा. एकोणीस वर्षांत जे नाव त्याच्या ओठांवर आलं नव्हतं, ते त्या क्षणी आडनावासकट खणखणीत बाहेर पडलं. “आमच्या सेविका आहेत, मॅडम. त्यांना कळत नाही, चुकीची माहिती दिली.”

दुसऱ्या दिवशी बावीस पाट्यांवर विभाग तसाच. तेविसावी, त्या मोठ्या फोटोखालची पाटी तेवढी बदललेली.

“वहिनी, नाव आलं की गं तुझं!” प्रदर्शन बघायला आलेली नणंद टाळ्या पिटत पुढे धावली. मग तिनं नावाखालची ओळ वाचली, ‘ओळखण्यातील चूक यांची’, आणि तिचे हात खाली आले.

काचताई रडल्याबिडल्या नाहीत. थेट साहेबाच्या खोलीत गेल्या. “नाव लावायचं तर तेवीसही फोटोंना लावा. नाहीतर त्या एका पाटीवरचंही काढा.”

“जागेवर जा,” साहेब म्हणाला.

त्यांनी बेचाळिसांतले सात फोटो निवडून छापून घेतले. नवऱ्यानं काही न विचारता काळ्या अस्तराची पट्टी फाडली आणि ते ओळीनं टाचले. ती पट्टी काचताईंनी मोठ्या फोटोशेजारी टांगली, खाली खडूनं आपलं नाव. पहिल्या फोटोत पाठ उकललेली. मग डोकं बाहेर. मग मिशा, घट्ट मोज्यातून पाय ओढावा तशा हळूहळू सोडवलेल्या. सातव्यात तो पुढे निघालेला, ओला, जरासा मोठा, आणि मागे पडलेली ती रिकामी कात. बघणारे बावीस फोटो सोडून तिथेच खोळंबले. तासाभरात साहेब आला. “परवानगी कुठंय?” म्हणाला आणि पहारेकऱ्याकडून पट्टी उतरवली. काचताईंना सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत जायला बंदी झाली. त्या आता परत नळापाशी आहेत. साहेबानं चूक कबूल केल्याचा कागद पुढे केला, त्यावर त्यांनी सही केलेली नाही, करणारही नाहीत.

प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत उघडं आहे. ती पट्टी पहारेकऱ्याच्या टेबलाखाली घडी करून ठेवलीय आणि टेबलावर अभिप्रायाची वही आहे. तुम्ही जा. पट्टी मागा, तिथेच उलगडायला लावा, सातही फोटो ओळीनं बघा. मग वहीत स्वतःच्या हातानं लिहा की उरलेल्या बावीस पाट्यांवर या बाईंचं नाव कधी लावताय, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.