आईला वाकडी दिसलेली चौकट

दादानं मळ्यात स्लॅबचं घर बांधलं ते दोन हजार सालच्या आसपास. मखमलाबादच्या पुढे आमचा झेंडू-शेवंतीचा मळा. मी लग्न होऊन सिन्नरला राहत होते, तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होते. रविवारी एसटीनं माहेरी यायचे. अशाच एका रविवारी आले, तर आईनं गवंड्याला बोलावून घेतलेलं.

"दाराची चौकट मधी वाकली हाय," ती म्हणत होती. "वर सरळ, खाली सरळ, मधीच पोट आलंय."

गवंडी शांत माणूस. त्यानं ओळंबा काढून चौकटीला लावला. "बघा मावशी, केसाइतका फरक नाय."

मळ्यात सरीची रेघ बघताना धरायची तसा एक डोळा मिटून आईनं नेम धरला. "दोरीबी वाकडीच हाय तुझी."

सगळे हसले. मीही हसले. आई हसली नाही. तिचं मन राखायला गवंड्यानं थोडं सिमेंट थापलं आणि तो गेला.

पुढच्या वर्षा-दोन वर्षांत मात्र काय चाललंय ते आम्हाला कळेना. आई माळा पहिल्यासारख्याच ओवायची, फूल इकडचं तिकडे होत नसे. चटईच्या कडेला पडलेली सुई चटकन उचलायची. आणि एकदा मी समोर दारात उभी राहिले, तर मलाच म्हणाली, "कोण पाहिजे?"

दोन रविवार चुकले होते माझे. मला वाटलं, रागावली. "आई, मी गं."

"मग बोलायचं ना आधी," ती म्हणाली आणि हातातल्या माळेकडे वळली.

मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. "रुसलीय का ती माझ्यावर?"

"मला तरी कुठं कळतंय, ताई," वहिनी म्हणाली. "ताटाच्या कडेला मुंगी असली तर दिसते. आणि भाजी समोर असून विचारतात, भाजी वाढली का."

दिसतं की दिसत नाही? की सोंग करते? हा शब्द कुणी तोंडानं उच्चारला नाही. पण माझ्या मनात तो येऊन गेला, हे खरं.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि मोतीबिंदू निघाला, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर आई म्हणाली, "किती पिवळा हाय हा झेंडू!" आणि मग माझ्याकडे वळून, "तुझं तोंड कुठंय?"

दादा चिडला. ऑपरेशन बिघडलं असं म्हणून तो डॉक्टरांशी भांडायलाच निघाला होता. पण त्या डॉक्टरांनीच थेंब टाकून पुन्हा तपासलं आणि आम्हाला डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला. "भिंग बदललंय, ते छान बसलंय. पण दोन्ही डोळ्यांत आतल्या पडद्याचा मधला भाग वयामुळे खराब होतोय, डाव्यात फार जास्त. कडेचं दिसतं, मधलं जातं. चेहरा, अक्षर, ताटातली भाजी, सगळं आपण मधल्या भागानं बघतो." मग आईला विचारलं, "आजी, सरळ रेघ कधी वाकडी दिसली होती का?"

"दिसली की. गवंड्याला बोलावलं व्हतं."

मी आणि दादानं एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्यात तेव्हाच पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाझरल्या असणार, आता तिथं व्रण राहिलाय.

"तेव्हाच आणलं असतं तर?" दादानं विचारलं.

"सांगता येत नाही. तेव्हा लेझर होतं, पण अगदी मधोमध लेझर मारलं की तेवढी जागा जळते."

म्हणजे आमची चूक होती की नव्हती? मला त्या दिवशीही कळलं नाही, अजूनही कळत नाही.

त्यांनी बारीक चौकटींचा एक कागद दिला, मध्ये ठिपका असलेला. रोज सकाळी डावा डोळा झाकून उजव्यानं बघायचं. रेघ हलली, वाकली तर त्याच दिवशी यायचं. उजेड भरपूर ठेवा, पालेभाज्या खा, तंबाखू बंद. आईनं विचारलं, "मिसरीनं डोळे जातात का?" ते म्हणाले, विडी-सिगारेटनं वाढतं हे नक्की, मिसरीचं ठामपणे सांगता येत नाही, पण सोडा. "ठाऊक नाय तर सोडू कशाला?" असं पुटपुटत तिनं दोन महिन्यांनी सोडली.

कागद वहिनीनं कपाटाच्या दारावर चिकटवला. चार वर्षं रोज सकाळी आईचं एकच उत्तर, "सरळ हाय." मग एका सकाळी वहिनीचा माझ्या ऑफिसात फोन आला. "ताई, रेघा ठिपक्यापाशी आत ओढल्यासारख्या दिसतात म्हणतायत."

दुपारी आम्ही दवाखान्यात होतो. आता इंजेक्शन निघालं होतं, थेट डोळ्यात द्यायचं.

"डोळ्यात सुई?" आईनं माझा हात घट्ट धरला. "असं कुठं असतं का?"

असतं की नाही, मलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी बधिर करायचे थेंब टाकले. सुई आत गेली तेव्हा मीच डोळे मिटले. महिन्याच्या अंतरानं तीन इंजेक्शनं झाली, पुढे गरज पडेल तशी. गेलेलं सगळं परत आलं नाही, पण उजवा डोळा डाव्याच्या वाटेनं गेला नाही. भिंग धरून ती देवाच्या पोथीतली मोठी अक्षरं वाचायची.

पण बोलताना ती माझ्या कानाकडे बघायची, आणि मला वाटायचं, तिला मी दिसत नाहीये. म्हणून मी सरकून तिच्या नजरेसमोर जाऊन बसायचे. मग ती मान अजून वळवायची, मी अजून सरकायचे. एकदा ओट्यावर असंच चाललं होतं, तेव्हा वैतागून तिनं माझा दंड धरला.

"हलू नको गं सारखी! बाजूला बघितलं की दिसतीस तू. समोर आलीस की जातीस."

मी जागेवर बसून राहिले. ती अंगणातल्या नळाकडे बघत होती आणि मला सांगत होती, की मी वाळले आहे, आणि कपाळावरची टिकली जरा डावीकडे गेली आहे.