सेन्सेईंचा दुपारचा ब्रश

मी संशयी माणूस, त्यामुळे कुरामोची बाईंवर संशय घ्यायला मला फारसं काही लागलं नाही. आमचे गुरू वाकिसाका सेन्सेई यांच्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, स्टुडिओत मी मदतनीस होतो आणि बाई बावीस वर्षं पार्श्वभूमी काढत होत्या. गवत, छपरं, विजेच्या तारा. तारा तर पट्टीशिवाय ओढायच्या. माणसाचा चेहरा मात्र कधी काढला नाही. तो सेन्सेईंचा मान. काम कॉम्प्युटरवर आलं तशा त्या स्वतःचे डिजिटल ब्रश, म्हणजे रेघांचे तयार साचे, बनवू लागल्या, वर त्यांना नावं द्यायच्या: 'पावसाआधीचं गवत', 'गंजलेला पत्रा'.

मग जेवणाच्या सुट्टीत त्या सेन्सेईंची जुनी पानं स्कॅन करताना दिसू लागल्या. मी जवळ गेलो की स्क्रीन बदलायच्या.

"काय चाललंय, बाई?"

"आधी तुझं छप्पर सरळ कर, ताबुची."

एकदा त्या चहाला उठल्या तेव्हा मी त्यांची यादी पाहिली. दोन नवे ब्रश: 'सेन्सेई, सकाळ' आणि 'सेन्सेई, दुपार'. एक ओढून पाहिला, तर हुबेहूब सेन्सेईंची रेघ! माझं डोकंच फिरलं. बाई ही रेघ वापरून स्वतःची चित्रमालिका काढणार, हे मी धरूनच चाललो.

बुधवारी संपादक हिकोसाका पानं न्यायला आले, आणि मला राहवलं नाही. "सेन्सेई, या बाई तुमची रेघ चोरतायत," असं म्हणत मी सगळ्यांसमोर ते ब्रश उघडले.

हिकोसाका वाकून बघू लागले. "हाताची थरथर रेघेतून पुसायची सोय 'सकाळ'मध्ये चाळीसवर, 'दुपार'मध्ये शंभरवर? इतका हात हलतो कुणाचा?"

सेन्सेईंनी उजवा हात टेबलाखाली घेतला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: ब्रश त्यांच्याच हातासाठी होते. संपादकांना हे कळलं, तर सेन्सेईंची मालिका बंद पडायला एवढं पुरेसं होतं.

"माझा हलतो," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन उचलून साध्या ब्रशनं रेघ ओढली, मुद्दाम चांगली वेडीवाकडी.

"मग यांना घरी बसवा," हिकोसाका सेन्सेईंना म्हणाले. "दुसरं माणूस देतो मी."

"बाई, पेन इकडे द्या," सेन्सेई म्हणाले. त्यांनी आपल्या ब्रशची ती सोय बंद केली आणि नायकाची भुवई काढली. रेघ सुरवंटासारखी गेली. "हा हात माझा आहे, हिकोसाका. बाई गेल्या तर मीही उठलो."

"वर सांगावं लागेल मला," हिकोसाका हळूच म्हणाले आणि पानं घेऊन गेले.

मी कमरेत वाकून माफी मागितली. लाजेनं मान वर होईना. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सेन्सेई, उद्यापासून पहाटे पाचला बसू. तेव्हा हात बरा असतो तुमचा."

"मीही येऊ?" मी विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या.