सरांच्या टीव्हीसाठी दिलेली फाइल

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

चौक गावात माझा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा आहे. लोधिवलीच्या सरांनी — सातवीत मला शिकवायचे ते — मुलीच्या लग्नाचं काम मला दिलं. सर अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. हॉलवर येणं शक्य नव्हतं, मोबाइलवरचं बारीक दिसायचं नाही. घरच्या टीव्हीवर लेकीचं लग्न बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तो टीव्ही मी आधीच तपासून आलो होतो. एमपीफोर फाइल चालायची, पण आतला कोडेक, म्हणजे चित्र साठवायची पद्धत, जुना, एच-२६४ असला तरच. नव्या एच-२६५ ला नुसता आवाज यायचा, चित्र नाही. आणि त्याच दिवशी सर पाहुण्यांसमोर म्हणाले, "हा माझ्या वर्गातला सगळ्यात ढ. पण कॅमेरा बरा धरतो." सगळे हसले. एवढंच. एवढ्यावरून कुणी — पण मला झोंबलं.

एक्सपोर्ट करताना, म्हणजे शेवटची फाइल काढताना, दोन्ही नावं समोर होती. मी एच-२६५ निवडलं. चुकून? नाही हो. बाहेरून फाइल एमपीफोरच, कुणी पाहिली तरी खोट दिसणार नव्हती.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दोनदा रिक्षाने आल्या. मंगलाष्टकं ऐकू येतात, पडदा काळाच. मी माझ्या कॉम्प्युटरवर फाइल लावून दाखवायचो आणि टीव्ही म्हातारा झाला म्हणायचो. अर्ध्या तासात दुसरी फाइल झाली असती. पण सर रोज त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून ऐकत पडतात, हे कळलं तेव्हा मला — वाईट नाही वाटलं. बरं वाटलं.

महिन्याभरात सर गेले.

तेराव्यानंतर मी बरोबर फाइल घेऊन गेलो. उद्या कुणा जाणकाराने ती जुनी फाइल तपासली तर, या भीतीने, दुसरं काय? पेनड्राइव्ह लावला आणि टीव्हीवर नवरी दिसली. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"टीव्ही तोच हाय ना रं? मंग ह्यांना का नाय दिसलं?"

तेव्हा तरी खरं बोलायचं ना? मी म्हणालो, काकू, तुमच्याकडूनच रिमोटचं काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल.

त्यांनी ते मानलं. आता लेक माहेरी आली की तिला सांगतात, माझ्या अडाणीपणामुळे तुझ्या बापाला तुझं लग्न दिसलं नाही. परवा माझ्यासमोरच सांगितलं आणि रडल्या. मी त्यांनी दिलेला चहा पीत होतो.