तिसऱ्या दिवशी येणारे बंबमामा

बंबमामांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एकही केस नव्हता. डावा हात चांगला केसाळ आणि उजवा पार तुळतुळीत. लोक तो हात कौतुकानं बघायचे. मी बघायचो तेव्हा माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

नांदेडहून भोकरकडं जाताना शहर संपतं तिथं आमचं अग्निशमन केंद्र. मी फायरमन म्हणून लागलो तो रीतसर कोर्स करून, परीक्षा देऊन. मामा मात्र केंद्राच्याही आधीचे. इमारत नव्हती, लिंबाखाली एकच जुना बंब उभा असायचा, तेव्हा त्याची राखण करायला ते लागले आणि बघता बघता आग विझवायला शिकले. केंद्राचा सगळ्यात जुना फोटो भिंतीवर आहे, त्यातही बंबाच्या टपावर मामाच बसलेले. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला फीत कापणारे पाहुणे राहिले बाजूला आणि लोक एकमेकांना विचारत होते, "मामा कुठं हायत?" मामा मागं होते, टाकीत पाणी भरत.

आग लागल्याच्या वर्दीचा फोन मी उचलला की पलीकडून पहिला प्रश्न, "मामा हायत का?" मी आवर्जून नाव सांगायचो, "मी सुधाकर बोलतोय." काही उपयोग नाही. चार वर्षं नोकरी झाली तरी गावोगाव माझी ओळख एकच, मामासंगं येतंय ते! एकदा तरी कुणी मला माझ्या नावानं बोलवावं, एवढंच मला पाहिजे होतं.

मामांची एक खोड होती. कडब्याची गंजी जळाली की तिसऱ्या दिवशी, सुट्टी असली तरी, सायकल काढून ते त्या शेतात जायचे आणि उरलेल्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून बघायचे. "कडबा वरून इझतो, पोटात जळतच ऱ्हातो," म्हणायचे. "धूर हाय तवर सोपं असतंय. धूर गेला की इचारायला जावं." मला वाटायचं, हे सगळं चहासाठी आणि वाहवा मिळवायला चाललंय. एवढ्यानं लोक डोक्यावर घेत असतील तर हे मलाही जमेल की!

म्हणून कोंडिबा नावाच्या शेतकऱ्याची गंजी विझवून आलो तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळीच मी मामांना म्हणालो, "तुम्ही बसा, मी बघून येतो." मामा केवढे खूश झाले! "जा की. पर हात खोल घाल बरं का." मी मोटारसायकलवर गेलो. इस्त्रीचा शर्ट खराब होईल म्हणून गंजीला वरवर हात लावला, "एकदम ओके," म्हणालो आणि चहा प्यालो. कोंडिबांनी नाव विचारलं, ते मी दोनदा सांगितलं.

दुपारी त्याच शेतातून वर्दी आली. वारा सुटला होता, गंजी पुन्हा पेटली होती आणि शेजारचा गोठाही. म्हैस बाहेर काढता आली, तिची लहान वगार मात्र आतच जळून गेली. आग विझल्यावर कोंडिबा तरातरा माझ्याकडं आले. ते तोंड उघडणार तेवढ्यात मामा मधे उभे राहिले.

"कोंडिबा, चूक माझी हाय. म्या यायला पायजे होतं, आलो न्हाई."

कोंडिबा थांबले. मग त्यांनी मामांचाच हात धरला. "तुमची कसली चूक, मामा!"

अरे, चूक माझी, तीही यांनीच घ्यावी? मला लाज वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त हेवा वाटला. परतताना बंबात मामा एवढंच म्हणाले, "आधी हात घालावा, च्या मग प्यावा."

तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी मी जायला लागलो. आता माझ्याही उजव्या हातावर केस नाहीत. त्याचं कौतुक कुणालाच नाही. "मामानं पाठवलं का?" एवढंच विचारतात.

मामा निवृत्त झाले, मुदखेडजवळच्या आपल्या गावी राहिले आणि गेल्या उन्हाळ्यात वारले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तर स्मशानात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांच्या ज्यांच्या गंजीत मामांनी हात घातला होता, ते सगळे आले होते. मामांचा मुलगा राखेवर वाकला आणि थबकला. वरून पांढरीफक दिसत होती, आत काय असेल ते कळत नव्हतं. गर्दीतून कोंडिबा पुढं आले.

"थांब," ते मुलाला म्हणाले. "सुधाकरला बघू दे."

इतक्या वर्षांत चारचौघांत माझं नाव घेतलं गेलं ते पहिल्यांदा, आणि तेही मामांच्याच कामासाठी. मी बाही वर सारली. माझ्या वेळी यातली दहा माणसं तरी येतील का, हे तेव्हाही मनात आलंच. मी हात कोपरापर्यंत घातला. वरची राख गार होती. आत ऊब होती.

"इझली का?" मुलानं विचारलं.

"अजून न्हाई," मी म्हणालो, आणि हात लवकर बाहेर काढला नाही.