जर्मनीला जाणारी झोळी

माघातला कोहरा दुर्गाघाटावर उतरला की गंगा नुसती ऐकायची. वल्ह्यांची चपचप येते, गारठलेल्या माणसाचं 'हर हर महादेव' येतं, दिसत मात्र काही नाही. अशा सकाळी सीताआत्या उठून आधी बोरसीतले निखारे फुंकायची. त्या मातीच्या भांड्यावर हात शेकले की बोटं वळायची, आणि बोटं वळली की तांदूळ निवडायला घेता यायचे. आज मंगळवार. मंगळवारचा पोरगा जेवायला यायचा होता.

मंगळवारचा पोरगा म्हणजे कोण, हे दुर्गाघाटावर कुणाला सांगावं लागत नसे. दक्षिणेतून काशीला वेद शिकायला आलेली गरिबाघरची पोरं वार लावून जेवत. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. सीताआत्याच्या घरचा मंगळवार तिच्या वडिलांपासून चालत आलेला. पोरं मोठी झाली, मिशा फुटून आपापल्या गावी गेली. मंगळवार तेवढा राहिला.

आता घरात ती एकटीच. सूप मांडीवर घेऊन बसली की समोरच्या खुंटीवर एक जुनी झोळी दिसे. कधीकाळी ती हळदीत रंगवलेली होती. आता तिला रंग म्हणून काही उरलेला नव्हता. विष्णू मुंबईहून आला की हमखास म्हणे, "आत्या, दे ती इकडे. असा पक्का रंग देतो की गंगा आटेल पण रंग नाही उतरायचा."

"हात नको लावूस," आत्या म्हणे. "तुझं जर्मन शहाणपण मुंबईच्या गिरणीत दाखव. माझ्या खुंटीला नको."

विष्णू म्हणजे तिचा भाचा. थोरला भाऊ दत्तंभट, त्याचा एकुलता एक. वहिनी बाळंतपणात गेली, त्याच्या आगेमागेच सीता कपाळ पांढरं करून माहेरी परत आली, आणि आल्याआल्या ते रडकं गाठोडं तिच्या मांडीवर पडलं. पोराला दूध पाजायचं तेवढं राहिलं, बाकी सगळं तिनं केलं. फक्त त्याच्या मुंजीत ती दाराआड उभी होती. मुंजीत बटूनं पहिली भिक्षा आईकडे मागायची. आई नाही. आत्या आहे, पण ती आलवणात, शुभकार्यात तिची सावली नको. शेजारची सवाष्ण बोलावली. तिनं पळीभर तांदूळ झोळीत घातले. विष्णूनं मात्र मान वळवून दाराच्या फटीकडे पाहिलं, हे सीतानं कुणालाच कधी सांगितलं नाही.

हा विष्णू पुढे कॉलेजात गेला आणि बिघडला, असं दत्तंभट म्हणत. बिघडला म्हणजे काय, तर संध्याकाळी मंदिरात जायचं सोडून मदनपुऱ्यात विणकरांकडे जाऊन बसू लागला. तिथे रेशीम रंगवायचे मोठमोठे हंडे. रंग पत्र्याच्या डब्यांतून येत, आणि डबे जर्मनीतून. विष्णूच्या नखांत कधी जांभळा, कधी गुलाबी रंग अडकलेला असे.

"आत्या, सोच जरा," तो ताटावर बसून म्हणे. "बनारसी साडी म्हणायची, आणि तिचा रंग जर्मन! तिकडच्या विद्यापीठात हे सगळं शिकवतात. मी तिकडे जाऊन शिकलो, तर इकडेच बनवू."

"आधी हात धू. भात निळा झाला."

ही पहिल्या जर्मन लढाईच्या आधीची गोष्ट. तेव्हा परदेशी शिकायला जायचं म्हणजे कुणीतरी पाठवावं लागे. विष्णूनं पाठवणारा शोधायला सुरुवात केली. पुण्याच्या एका मंडळाला अर्ज केला. त्यांचं उत्तर आलं, आपण संयुक्त प्रांतातले रहिवासी, तेव्हा तिकडेच पाहावं. तो इथल्या कचेरीत गेला. तिथला बडा बाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, "आप तो दक्खिनी हैं. पूना में क्यों नहीं माँगते?" कलकत्त्याच्या मंडळाला आपली बंगाली पोरंच पुरून उरली होती. एका संस्थानानं कळवलं की आमच्या प्रजेपैकी असाल तर कळवा.

विष्णू घरी येऊन डोकं धरून बसला. "म्हणजे आम्ही कुणाचेच नाही? चार पिढ्या काशीत राहून दक्षिणी, आणि दक्षिणेत गेलो की काशीकर!"

"मरणाऱ्यांचे आहोत," दत्तंभट आतून म्हणाले. "चार पिढ्या त्यांचंच क्रियाकर्म करतोय. ते नाही हो विचारत, तुम्ही कुठले."

दत्तंभट फटकळ बोलायचे, पण माणूस सरळ. गल्लीत सगळ्यांना वाटलं होतं की समुद्र ओलांडायचं नाव काढलं की भटजी पोराला घराबाहेर काढतील. तसं काही झालं नाही. "समुद्राला प्रायश्चित्त आहे," ते म्हणाले. "आलास की देहशुद्धी करू. गोमूत्र काय, काशीत मिळतं."

आणि मग त्याच वर्षी माघात यज्ञेश्वरपंत आले. माळव्यातल्या एका संस्थानाची दिवाणगिरी करून निवृत्त झालेले, गोरेपान, बोलायला मऊ. मुन्शी घाटापाशी घर भाड्यानं घेऊन पत्नीसह महिनाभर राहिले. त्यांचा तरणा मुलगा वेणीमाधव विलायतेला जायच्या तयारीत असतानाच तापानं गेला होता. त्याच्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा त्यांना घरात ठेववेना. दत्तंभट त्यांच्याकडे श्राद्धाला जात, विष्णू मदतीला. एक दिवस पंतांनी विष्णूला त्याच्या नखांचा रंग विचारला, आणि पोरगा जो बोलत सुटला तो दिवे लागेपर्यंत. उठताना पंत म्हणाले, "तू जा. वेणूच्या नावानं जा. जाण्यायेण्याचं, फीचं, राहण्याचं, सगळं माझ्याकडे."

त्या दिवशी सीताआत्यानं पुरण घातलं. एकादशी होती हे तिच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

अहिल्याबाई घाटावर सगळं ठरलं. पंतांना पुण्य मुलाला पोचवायचं होतं, म्हणून रीतसर संकल्प सोडून विद्यादान करायचं. मंत्र सांगायला दत्तंभटच, पण त्यांना हा वेणूच्या श्राद्धाचाच एक संकल्प वाटला होता. ते तिथी, गोत्र, नाव म्हणत गेले. पंतांच्या हातावर तुळशीपत्र होतं, त्यावर विष्णूनं पळीनं पाणी घातलं. आणि दान कुणाला, ते नाव घ्यायची वेळ आली तेव्हा दत्तंभट थांबले. पायऱ्यांवर उभी असलेली सीताआत्या एक पायरी खाली उतरली.

"हे दान आहे?" दत्तंभटांनी विचारलं.

"म्हणजे काय, गुरुजी? विद्यादान."

"पाणी सोडून?"

"पाणी सोडल्याशिवाय वेणूला कसं पोचेल?"

दत्तंभटांनी विष्णूच्या हातातली पळी काढून घेतली. "यजमान, माफ करा. मी मंत्र म्हणतो, त्याची मजुरी घेतो. पण आमच्या घरात उदक सोडलेलं दान घेत नाहीत. माझ्या आजोबांनी विश्वेश्वरापुढे शपथ घेतली होती. दान घेणारा देणाऱ्याचं पाप घेतो. दुसरा ब्राह्मण बघा."

"पोरासाठी विचारतोय मी," पंत पांढरे पडले होते. "माझ्या वेणूचं कसलं पाप हो?"

दत्तंभट पळी पुसत राहिले. पंत ओल्या हातानं उठले आणि पायऱ्या चढून गेले. विष्णू बापाला म्हणाला, "बाबा, समुद्र चालतो, आणि ओंजळभर पाणी नाही चालत?" आणि तोही निघून गेला. तो मदनपुऱ्याकडे गेला असेल, हे सीताआत्याला न सांगता कळलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मंगळवारचा पोरगा वेळेवर येऊन बसला, कारण त्याला काय माहीत. सीताआत्यानं त्याला वाढलं. भावाला वाढलं. विष्णू कोपऱ्यात भिंतीला टेकून होता, जेवायला बसेना. आत्या भातवाढणी आपटत होती. शेवटी दत्तंभट म्हणाले, "भांड्यावर का राग?"

"भांडं बिचारं काही दान घेत नाही," आत्या म्हणाली. "ऐक रे पोरा, पोटभर जेव. पुढच्या मंगळवारपासून इथे वार नाही."

पोराचा घास हातात राहिला. दत्तंभट ओरडले, "सीते! वेड लागलं का? वडिलांपासूनचा वार आहे."

"असू दे. आपण कुणाचं घ्यायचं नाही, कारण पाप येतं. मग आपलं पाप या लेकराच्या ताटात कशाला वाढू? माझं तर बख्खळ असेल. नाहीतर असं कपाळ आलं असतं?" तिचा आवाज फाटला. ती काही डाव मांडत नव्हती, तिला खरंच सगळं बंद करायचं होतं.

"हे दान नव्हे!" दत्तंभट ताटावरून अर्धे उठले. "ही भिक्षा आहे. विद्यार्थ्याची भिक्षा. ब्रह्मचाऱ्यानं मागावी, गृहस्थानं घालावी. त्यात कुणाचं पाप कुणाला लागत नाही. एवढं तुला..."

आणि ते तिथेच अडकले. भाताचा हात तसाच वर. त्यांनी विष्णूकडे पाहिलं, जणू हा पोरगा घरात कधी आला असं विचारताहेत.

"तुझी सोडमुंज कुठे झालीय अजून," ते पुटपुटले.

मुंजीतलं ब्रह्मचर्य लग्नाआधी सोडायचं, ती सोडमुंज. विष्णूचं लग्न ठरलंच नव्हतं. म्हणजे मिशा असोत, कॉलेज असो, नखांत जांभळा रंग असो, शास्त्रानं पोरगा अजून बटूच.

"मागशील?" बापानं विचारलं. "रीतीनं मागावं लागेल. लंगोटी, दंड, झोळी. पंतांच्या दारात जाऊन. पंतांकडे नव्हे, त्यांच्या बायकोकडे."

"लंगोटी?" विष्णू म्हणाला. "बाबा, या ठंडीत? गल्लीतून?"

"जर्मनीत काय ऊन पडतं?"

मंगळवारचा पोरगा पहिल्यांदा हसला आणि त्याला ठसका लागला.

सीताआत्यानं त्या दुपारी हळदीत झोळी रंगवली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या कोहऱ्यात विष्णू दंड घेऊन अंगणात उभा राहिला. वीस वर्षांचा घोडा, दात कडकड वाजताहेत. आत्या सवयीनं दाराआड सरकली.

"पहिली भिक्षा आईकडे मागायची," दत्तंभट म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते. "आई नसेल तर जी बाई नाही म्हणणार नाही, तिच्याकडे. असं शास्त्र आहे. तेव्हाही होतं." ते थांबले. "सीते, तू नाही म्हणशील का?"

आत्या दाराआडून बाहेर आली. डोक्यावरचं आलवण ओढून घेतलं. तिला तांदूळ घ्यायचेही सुचेनात. विष्णू तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि मुंजीतल्या लहान पोरासारखा खणखणीत म्हणाला, "ॐ भवति भिक्षां देहि."

तिनं दाराशी पडलेल्या सुपातले दोन्ही मुठी भरून तांदूळ घातले. निवडलेले, न निवडलेले, सगळे.

मग तो गल्लीतून निघाला. दूधवाला ओरडला, "का हो बिसनू, जरमनी लंगोटै में जइबा का?" विष्णू चालत राहिला. मुन्शी घाटापाशी यज्ञेश्वरपंतांच्या बायकोनं, गंगाबाईंनी, दार उघडलं. दारात एक तरणा पोरगा थंडीनं कापत उभा, आणि 'आई, वाढ' अशा अर्थाचं काहीतरी मागतोय. त्यांनी आधी आपली शाल काढून त्याच्या अंगावर टाकली. मग आत गेल्या. आत पंतांचा रागावलेला आवाज आला, "पाणी सोडल्याशिवाय पोचणार कसं?" आणि बाईंचा त्याहून मोठा, "दारात आलाय तो. आणखी कुठे पोचवायचंय तुम्हाला?"

परत आल्या तेव्हा हातात तांदळाचं ताट होतं, आणि तांदळावर घडी घातलेली हुंडी. तांदूळ आणि हुंडी त्यांनी झोळीत घातली. शाल मात्र परत घेतली नाही.

पुढे विष्णू जर्मनीला गेला, शिकला, लढाई पेटायच्या आधी परत आला. दत्तंभटांनी त्याची देहशुद्धी केली आणि गोमूत्र पाजताना डोळे पुसले. गिरणी मात्र काशीत नव्हती, मुंबईत होती. सोडमुंज झाली, लग्न झालं, पोरं झाली. गंगाबाई होत्या तोवर दर माघात त्यांच्या दारात तो एकदा तरी जाऊन उभा राही. दत्तंभट मणिकर्णिकेच्या चितेवर गेले. वार एकेक करून बंद पडत गेले. लोक म्हणत, आता पोरं खानावळीत जेवतात, तेच बरं.

सीताआत्यानं खुंटीकडे पाहिलं. झोळीचा रंग उतरला, तो गंगेत धुऊन. पण तिला तो अजून हळदीचाच दिसे, ओला. आज कोहऱ्यामुळे घरातही नीट दिसत नव्हतं. तिनं बोरसी जवळ ओढली.

खालून गल्लीत पावलं वाजली. जिन्याच्या तोंडाशी येऊन कुणीतरी ओरडलं, "आजी, मी आलो! लौकर आलो, ठंड फार आहे."

"लौकर आलास तर बस. पाय धू, दगडावर आपटून धू. आणि जिन्यात पाणी सांडू नकोस, काल शेजारची गोदूताई घसरली."

"वरण आहे ना आजी?"

"आधी खडे तर काढू दे रे तांदळातले. दात मोडून घ्यायचेत का?"

तिनं सूप उजेडाकडे कलतं धरलं आणि बोटांनी चाचपडत खडे वेचायला लागली.